पॅनिक, डिप्रेशन आणि मोडलेली झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत या भागातून झोपेबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. बहुतेकांची सुरुवात "झोपच येत नाही हो" अशी असते. तेवढ्यावरून औषध ठरत नाही. झोप रात्री कितीला मोडते आणि कोणती गोळी कितीला घेता, या दोन वेळा सांगितल्या की निम्मं काम तिथेच होतं. पुढे मात्रांचे आकडे आले आहेत ते हातातली चिठ्ठी समजावी म्हणून. ते वाचून गोळी परस्पर वाढवू, घटवू किंवा बंद करू नका.

१. झोप लागत नाही ती आजारामुळे की गोळीमुळे, हे ओळखायचं कसं?

घड्याळावरून. दहाला पाठ टेकली आणि एकपर्यंत डोळ्याला डोळा नाही, तर काळजी, दुपारची झोप, संध्याकाळचा चहा किंवा तरतरी आणणारी गोळी रात्री घेणं यातलं काहीतरी असतं. झोप लागून तास-दोन तासांनी छाती धडधडत जाग आली तर रात्रीचा पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक उसळणारी तीव्र भीती, असू शकतो (प्रश्न २). पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग काही केल्या लागत नाही, सकाळी अंगावर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं आणि दिवस कलेल तसं जरा हलकं होतं, ही डिप्रेशनची ओळखीची खूण. काहींचं उलट असतं, दहा-बारा तास झोपूनही थकवा जात नाही.

रात्रभर तुकड्या-तुकड्यांत झोप, मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं असं असेल तर आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी हवी, कारण अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी दबतो. नवी गोळी सुरू करून किंवा पॉवर वाढवून दोन आठवडे झाले नसतील, तर गोळीवर संशय घ्यायला हरकत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज सकाळी चार आकडे लिहा: पाठ कधी टेकली, झोप कधी लागली, जाग कधी आली, गोळी कधी घेतली. "१० – १२ – ३.४०, गो. ९" एवढं पुरे. चौदा चौकटी भरल्या की फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. नोंद अंदाजानेच करा. रात्री उठून घड्याळ बघितलं की उरलीसुरली झोपही जाते.

२. रात्री एक-दीडला छाती धडधडून, घाम फुटून जाग येते. हार्ट अटॅक तर नसेल?

पहिल्यांदाच होत असेल तर अंदाज बांधत बसू नका, ईसीजी काढा. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणीही करून घ्यावी. थायरॉइड वाढलेला असला की तो हुबेहूब पॅनिकसारखा वागतो.

रात्रीचा पॅनिक अटॅक सहसा स्वप्नातून येत नाही. माणूस गाढ झोपेकडे जात असताना, झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत तो येतो. म्हणून "काय बघून घाबरलास?" या प्रश्नाला उत्तर नसतं. दहा मिनिटांत तो कळसाला पोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढणारं दुखणं, पंधरा-वीस मिनिटांनंतरही न थांबणारं दुखणं, शुद्ध हरपणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन करा. मधुमेही, बीपीवाले आणि चाळिशीपुढचे यांनी तर "माझं हे नेहमीचंच आहे" असं धरून चालू नये.

तपासण्या नीट आल्या असतील तर अटॅकच्या वेळी उठून बसा, पाय थंड फरशीवर टेकवा. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असं पाच मिनिटं. पिशवीत तोंड घालून श्वास घेऊ नका. घरच्यांनी घोळका करून वारा घालणं, पाणी शिंपडणं टाळावं. एकाने शेजारी गप्प बसलं तरी पुष्कळ होतं. दर वेळी पुन्हा ईसीजीला पळालं तर भीती मुरत जाते, आणि झोपेचीच धास्ती बसली की जागरणं वाढून अटॅकही वाढतात.

३. गोळी सुरू केली आणि घाबरं जास्तच व्हायला लागलं. गोळी चुकीची आहे का?

बहुधा नाही. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही सगळी सेरोटोनिनवर काम करणारी औषधं पहिल्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता, धडधड आणि झोपमोड वाढवू शकतात. पॅनिकच्या रुग्णाला हे जास्त जाणवतं, कारण त्याचा कान छातीच्या प्रत्येक ठोक्याकडे लागलेला असतो. म्हणूनच पॅनिकमध्ये सुरुवात निम्म्या मात्रेने करतात: एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम, सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम. आठवड्याभराने १० आणि ५०. एकदम पूर्ण गोळीने सुरुवात झाली असेल तर डॉक्टरांना फोन करून विचारा. बरेचदा मात्रा कमी केल्यावर गाडी रुळावर येते.

गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज सहा ते आठ आठवड्यांनी येतो. बाजूचे परिणाम आधी आणि फायदा मागाहून, हा या औषधांचा वाईट गुण. पाचव्या दिवशी सोडणारे पुष्कळ असतात, ते याच कारणाने. मात्र एका जागी बसवतच नाही, सारख्या येरझारा घालाव्याशा वाटतात, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, असं झालं तर त्याच दिवशी कळवा. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं.

४. गोळी सकाळी घ्यायची की रात्री?

फ्लुओक्सेटिन सकाळी. मिर्टाझापिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन (हीही डिप्रेशनचीच औषधं) रात्री, कारण त्यांनी गुंगी येते. एस्सिटॅलोप्रॅम आणि सर्ट्रालिन माणसागणिक बदलतात: झोप उडाली तर सकाळी नाश्त्यानंतर, सुस्ती आली तर रात्री. ही अदलाबदल डॉक्टरांना विचारून करा आणि मग वेळ पाळा. मिर्टाझापिनची गंमत म्हणजे ७.५ किंवा १५ मिलिग्रॅमला ते जास्त झोपवतं, मात्रा वाढली की गुंगी कमी होऊ शकते. "पॉवर वाढवली आणि झोप गेली" ही तक्रार त्यामुळे खोटी नसते.

५. मला एकाच गोळीत दोन औषधं दिली आहेत. ती चांगली की वाईट?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात बघा. "एस्सिटॅलोप्रॅम १० + क्लोनाझेपाम ०.५" अशी जोडगोळी आपल्याकडे सर्रास मिळते. पहिलं औषध मूळ आजारावर, महिनोन्‌महिने घेण्याचं. दुसरं तात्पुरतं, पहिलं लागू पडेपर्यंत घाबरेपणा दाबून ठेवणारं. पहिल्या दोन-चार आठवड्यांना ही जोडी सोयीची असते.

पंचाईत पुढे होते. क्लोनाझेपाम कमी करायचं तर एस्सिटॅलोप्रॅमही कमी होतं, कारण गोळी एकच. आणि एस्सिटॅलोप्रॅम वर्षभर घ्यायचं तर क्लोनाझेपामही वर्षभर पोटात जातं. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी दोन-तीन वर्षं घेणारे कमी नाहीत, आणि ज्याला ते "टेन्शनची गोळी" म्हणतात त्यात सवय लागणारं औषध आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. पुढच्या भेटीत सरळ विचारा: "दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का?" आमच्या मते हा या पानावरचा सर्वांत कामाचा प्रश्न आहे.

६. या गोळ्यांची सवय लागते म्हणतात, खरं का?

दोन गट वेगळे ठेवा. प्रश्न ३ मधल्या औषधांची तलफ येत नाही आणि मात्रा वाढवत न्यावी लागत नाही. एकदम सोडली तर त्रास होतो, पण ती गोष्ट वेगळी (प्रश्न ७).

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, एटिझोलाम आणि झोपेसाठीचं झोल्पिडेम यांची सवय लागते. रोज घेतली तर दोन ते चार आठवड्यांतच शरीर त्यांना सरावू लागतं. अल्प्राझोलाम लवकर चढतं, लवकर उतरतं. उतरताना जी धडधड होते तिला माणूस आजार समजतो आणि आणखी एक गोळी घेतो. क्लोनाझेपाम सावकाश उतरतं, म्हणून बंद करायला तुलनेने सोपं. पण त्याची गुंगी दुसऱ्या दिवशीही राहू शकते. रात्री उशिरा गोळी घेऊन पहाटे पेठ नाक्यावरून हायवेला गाडी घालणार असाल तर आधी विचार करा. दारूबरोबर या गोळ्या घेतल्या तर श्वास थांबू शकतो.

अनेक महिने घेतली असतील तर अचानक बंद करू नका, फिट येऊ शकते. साधारण दर दोन आठवड्यांनी १० ते २५ टक्के घट, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात सावकाश. अर्ध्या गोळीपर्यंत झटपट येऊन तिथेच महिनोन्‌महिने अडकणं नेहमीचं आहे. त्यात हार मानण्यासारखं काही नाही, फक्त पायऱ्या लहान कराव्या लागतात.

७. बरं वाटलं म्हणून गोळी थांबवली. आता डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय.

हा औषध अचानक तोडल्याचा परिणाम. मान किंवा डोळे फिरवले की क्षणभर विजेचा झटका, चक्कर, चिडचिड, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त दिसतं, कारण ती शरीरातून लवकर जातात. फ्लुओक्सेटिनमध्ये कमी, कारण त्याचा अंश कित्येक आठवडे रेंगाळतो. त्रास दोन-चार दिवसांत सुरू झाला असेल तर बहुधा तोडल्याचा. काही आठवडे-महिने ठीक जाऊन मग पहाटेची जाग परत आली तर आजार उलटण्याची शक्यता जास्त. दोन्हींत डॉक्टरांना कळवा. सहसा गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवतात.

डिप्रेशनच्या पहिल्या खेपेत पूर्ण बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने आणि पॅनिकमध्ये साधारण वर्षभर औषध चालू ठेवतात. वारंवार उलटणाऱ्या डिप्रेशनला दोन वर्षं किंवा जास्त.

८. एक गोळी विसरली तर?

त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ होत आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच नको. सकाळची तरतरीची गोळी रात्री अकराला आठवली तर घेऊ नका, नाहीतर ती रात्र जागून काढावी लागेल.

९. मळमळ, घाम, वजन, संबंधांतली अडचण. यातलं काय आपोआप जातं आणि काय राहतं?

मळमळ, पातळ शौच आणि डोकेदुखी बहुधा दोन आठवड्यांत जाते. गोळी भाकरी खाल्ल्यावर घेतली तर मळमळ कमी होते. घाम राहू शकतो, आणि जत-आटपाडीच्या उन्हाळ्यात तो सोसत नाही. मात्रा कमी करणं हाच त्यावर पहिला विचार. मिर्टाझापिनने भूक आणि वजन वाढतं, पॅरोक्सेटिननेही वाढू शकतं. पहिल्या दिवशीच वजन करून लिहून ठेवा. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तसं आधी सांगा.

इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतनाला उशीर होणं हा परिणाम आपसूक जाईलच असं नाही, आणि गोळी गुपचूप सोडण्याचं सर्वांत मोठं न बोललेलं कारण हेच असतं. बायकांनाही तो होतो, त्या तर त्याहून कमी बोलतात. डॉक्टरांसमोर लाजायची गरज नाही. "गोळीमुळे संबंधांत अडचण येते" एवढं एक वाक्य पुरतं. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं.

१०. रात्री पाय वळवळतात, दात खातो, विचित्र स्वप्नं पडतात. हे कशाने?

तिन्ही गोष्टी या औषधांनी होऊ शकतात. पडल्यावर पायांत काहीतरी सरपटल्यासारखं वाटतं आणि उठून चाललं की बरं वाटतं, तर फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, रक्ततपासणी करा. लोह कमी असेल तर आधी ते भरून काढतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. दातांसाठी दंतवैद्य रात्री घालायचं आवरण बनवून देतात. स्वप्नांत हातपाय झाडून शेजारच्याला लागत असेल तर नक्की सांगा, औषध बदलावं लागू शकतं.

११. चहा, मिश्री, दारू यांचा एवढा फरक पडतो?

चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला निम्मा अंगात असतो. पॅनिकच्या रुग्णाला कॅफिन थेट अटॅकही आणू शकतं. दुपारी दोननंतर बंद, पण एकदम नाही, नाहीतर डोकं दुखतं. रोज एकेक कप कमी करा.

मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. "तंबाखू खाता का?" याला आपल्या बायका प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासणं आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे, निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि झोप उडवतं. झोपण्याआधीची मिश्री सगळ्यात आधी बंद करा.

दारूने झोप लवकर लागते आणि दोन-तीन तासांनी मोडते. दुसऱ्या दिवशी घाबरेपणा वाढतो तो वेगळाच.

१२. पंपाला रात्रीची वीज असते, नाहीतर कुपवाडला रात्रपाळी. झोपेचे नियम पाळायचे कसे?

"दहाला झोपा, सहाला उठा" हा सल्ला तुमच्यासाठी नाही. पाणी पाजून पहाटे चारला आलात तर साडेचार ते साडेनऊ झोपा आणि दुपारी तास-दीड तास. घरी येताना डोळ्यांवर ऊन घेऊ नका, खिडकीला जाड चादर लावा. गुंगीची गोळी घेऊन मोटर, कुट्टी मशीन किंवा ट्रॅक्टरजवळ जाऊ नका. त्या आठवड्याची गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. पाळी सांगितलीच नाही तर चिठ्ठीवर "रात्री जेवणानंतर" असंच लिहिलं जाणार.

बाकीच्यांसाठी: अंथरूण फक्त झोपेला. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, मोबाइल नको, डोळे जड झाल्यावरच परत या. उठायची वेळ रोज एकच. झोप पाच-साडेपाच तासच लागत असेल तर अंथरुणात दहा तास लोळू नका, सहा तासच घालवा आणि झोप भरली की आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवा. पाच तासांच्या खाली जाऊ नका. फिटचा आजार असणाऱ्यांनी, वाहनचालकांनी आणि प्रश्न १५ लागू पडणाऱ्यांनी हा शेवटचा प्रयोग स्वतःहून करू नये.

१३. मेडिकलमधून साधी झोपेची गोळी घेतली, किंवा जायफळ-अश्वगंधा घेतली तर?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही एच-वन यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत, आहेत. मार्च २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय मागू नका. सर्दीच्या गोळ्यांनी येणारी गुंगी काही दिवसांत सरावाची होते आणि म्हाताऱ्यांना भ्रम होतो. दुधातली चिमूटभर जायफळ चालेल. चमचाभर घेतली तर धडधड, भ्रम, उलट्या होतात. अश्वगंधेने गुंगी वाढते, थायरॉइड वाढू शकतो आणि यकृताला क्वचित इजा होते. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. निनावी पुड्यांपासून लांब राहा.

१४. अंगदुखी-खोकल्याची औषधं सोबत चालतात का?

ताप, अंगदुखीला पॅरासिटॅमॉल चालतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांबरोबर प्रश्न ३ मधली औषधं घेतली तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल आणि खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांनी सेरोटोनिन जास्त होऊन ताप, थरथर, हातपाय उडणं, गोंधळ होऊ शकतो. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठा. धडधडीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलॉल दमा असणाऱ्याने घेऊ नये.

पासष्टीपुढे आणखी एक: गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात आई-वडील गळाल्यासारखे झाले, बरळू लागले, पडले, तर सोडियम तपासा. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका जास्त. याला "वयोमान" म्हणून सोडू नका.

१५. आता तीन तास झोपूनही एकदम फ्रेश वाटतं. बरा झालो ना?

हा फसवा प्रश्न आहे. झोप कमी आणि तरी थकवा नाही, बोलणं वाढलंय, पैसे सैल सुटतायत, एकदम मोठमोठे बेत सुरू आहेत, तर डिप्रेशनची गोळी माणसाला दुसऱ्या टोकाला नेत असण्याची शक्यता आहे. तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याची औषधं वेगळी. रुग्णाला स्वतःला छानच वाटत असतं, म्हणून हे घरच्यांनी डॉक्टरांना कळवायचं.

१६. दिवस गेले आहेत, किंवा बाळ अंगावर पितंय. गोळी बंद करू का?

एकदम नको. आजार उलटला तर आई आणि बाळ दोघांनाही झळ बसते. सर्ट्रालिनला बरेचदा पसंती देतात, पॅरोक्सेटिन टाळतात. दिवस राहण्याआधीच बोललात तर उत्तम. मानसोपचार तज्ज्ञ आणि बाळंतपणाचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

१७. उपवासाला गोळी चालते का?

चालते. पाण्याबरोबर घ्या, मळमळ होत असेल तर उपवासाचं काही खाऊन. आषाढीला पायी जाणार असाल तर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत जवळ ठेवा.

१८. पहाटे जाग आल्यावर जगूच नये असं वाटतं. कोणाला सांगू?

शेजारी झोपलेल्याला उठवून सांगा. नाहीतर १४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी फवारणीची औषधं आणि गोळ्यांची पाकिटं कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्याकडे. आठवड्यापुरत्याच गोळ्या हाताशी असाव्यात, विशेषतः अ‍ॅमिट्रिप्टिलिन. ती जास्त घेतली तर हृदयावर जाते. कोणी काही पोटात घेतलंच तर "पोलीस केस होईल" म्हणून वेळ घालवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात आणि त्याला शिक्षा होत नाही. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या आणि १०८.

१९. खासगीचा खर्च झेपत नाही. कुठे जाऊ आणि काय नेऊ?

सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. पुढच्या गोळ्या जनऔषधी दुकानात कंपनीच्या नव्हे तर औषधाच्या मूळ नावाने मागितल्या तर बऱ्याच स्वस्त पडतात. सोबत कॅलेंडरचा फोटो (प्रश्न १), चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, बीपी-शुगरचीसुद्धा, जुने ईसीजी आणि टीएसएचचे कागद. शिवाय रात्री तुमच्या शेजारी झोपणारं माणूस. घोरणं, हातपाय झाडणं, दात खाणं त्यालाच माहीत असतं.